ब्रेकचा निर्णय मापावर घ्या, कांद्याच्या पट्टीवर नको

उन्हाळ कांद्याची काढणी आटोपली, चाळी भरल्या, की आपल्या पारनेर तालुक्यात पिकअपच्या फेऱ्या सुरू होतात. कोणी पारनेरच्या लिलावाला जातो, कोणी नगरला, तर कोणी आळेफाट्यावरून माळशेज घाट उतरून थेट वाशी मार्केट गाठतो. पावसाळ्यात वाटाणा निघाला की त्याच गाड्या सुप्यावरून पुण्याकडे पळतात. दुधाच्या टेम्पोला तर बारा महिने सुट्टी नाही. या गाडीची आपण काळजी घेत नाही असे नाही. डिझेल पाहतो, टायर पाहतो, अमावास्येला लिंबू-मिरची बदलतो. पण ब्रेकचे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "लागतोय की अजून. पुढच्या पट्टीनंतर बघू."

हा लेख त्या "पुढच्या पट्टीनंतर बघू"बद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, खताबियाण्याचे सोडून हा शेतीखात्याचा माणूस ब्रेकवर कशाला घसरला? याचे कारण साधे आहे. आज आपल्या भागात पिकअप हे नांगर-पाभरीसारखेच शेतीचे औजार झाले आहे. पीक शेतात कितीही चांगले आले तरी ते बाजारात सुखरूप पोचेपर्यंत त्याचा पैसा होत नाही. आणि गाडी थांबली नाही तर जाते ते नुसते पीक नसते. मी शेतीची पदविका घेतलेला माणूस आहे, मेस्त्री नव्हे. पण शेतीत आपण ज्या कसोट्या वापरतो, त्याच कसोट्या ब्रेकला लावल्या तर बरेच प्रश्न सुटतात, असे माझे मत आहे.

ब्रेक काय काम करतो?

ब्रेक गाडीचा वेग घालवतो, म्हणजे त्या वेगाची उष्णता करतो. ही उष्णता किती असते ते हिशेबाने पाहू. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने चालले आहे असे धरा. ते एकदा पूर्ण थांबवायला ब्रेक जेवढी उष्णता तयार करतात, तेवढ्यात सव्वा लिटरहून थोडे जास्त पाणी उकळते. ही झाली सपाट रस्त्यावरची गोष्ट, तीही एकदाच थांबण्याची. आता तीच गाडी घाटात ३०० मीटर खाली उतरते आहे आणि ड्रायव्हर सगळा भार ब्रेकवरच टाकतो आहे असे समजा. त्या उष्णतेत २८ लिटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या पाणी उकळेल. एवढी आग चाकातल्या लोखंडी डिस्कमध्ये आणि पॅडमध्ये तयार होते. म्हणूनच घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची आणि निम्मे काम इंजिनकडून करून घ्यायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणे म्हणजे दात कोरून पोट भरण्यातला प्रकार.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. माल दीडपट झाला तर त्या प्रमाणात उष्णता वाढते. वेग दुप्पट झाला तर मात्र उष्णता चौपट होते. आरसी बुकावर लिहिलेले वजन हे नुसते आरटीओच्या समाधानासाठी नसते. त्या गाडीचा ब्रेक तेवढ्याच वजनासाठी बनवलेला असतो.

ब्रेकची पकड कमी झाली तर काय होते तेही बघा. ताशी ६० च्या वेगात समोर पोर आडवे आले हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. चांगला ब्रेक तिला त्यानंतर साधारण २३ मीटरमध्ये थांबवतो. पकड एक तृतीयांशाने उतरली असेल, तर २३ चे ३५ मीटर होतात. हे वाढलेले १२ मीटर म्हणजे आपल्या एसटी बसची लांबी. रोजच्या चालवण्यात हा फरक कळत नाही, कारण रोज आपण लांबूनच हळू होत थांबतो. "लागतोय की अजून" हे त्यामुळेच खरे वाटते. तो ज्या दिवशी कळतो, त्या दिवशी उपयोग नसतो. बैल गेला नि झोपा केला, तशी गत.

बियाण्याची कसोटी ब्रेकला लावा

मग काय करायचे? जरा झिजले की सगळे फेकून नवे बसवायचे? तसेही नाही.

घरचे सोयाबीन बियाणे वापरू नका असे शेतीखाते कधी म्हणत नाही. आम्ही म्हणतो, घरचेच वापरा, पण आधी उगवण तपासा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरा. त्यापेक्षा कमी आले तर दर एकरी बियाणे वाढवा, अगदीच कमी आले तर बदला. हरभऱ्यावर एक अळी दिसली म्हणून आपण लगेच फवारत नाही. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या की मग पंप काढतो. दोन्ही ठिकाणी निर्णय मापावर होतो, भीतीवर नाही की खिशावर नाही.

ब्रेकच्या भागांनाही अशीच मापे आहेत. जुना भाग ठेवणे हा गुन्हा नाही. न मोजता ठेवणे हा आहे. तेव्हा एकेक भाग घेऊ.

पॅड : हा झिजण्यासाठीच केलेला भाग आहे. लोखंडी पाटीवरचे मसाल्याचे अस्तर तीन मिलिमीटरपर्यंत आले की बदलण्याची तयारी करा, दोनच्या खाली गाडी चालवू नका. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे माप असेल तर तेच अंतिम. बऱ्याच पॅडला एक पातळ पत्र्याची जीभ असते. अस्तर संपत आले की ती डिस्कला घासून किरकिर आवाज करते. हा आवाज "धूळ बसली असेल" म्हणून सोडून देऊ नका. पॅड बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदला. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक मारताच गाडी एका अंगाला ओढते.

डिस्क : ही ठेवता येते, पण मापाने. बहुतेक डिस्कवर किमान जाडीचा आकडा कंपनीने ठोकलेला असतो. तो कडेला किंवा मधल्या भागावर असतो, गंज पुसून बघा. व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी जाडी मोजा. त्या आकड्याच्या वर असेल, भेग नसेल, तर ठेवा. रेघोट्या पडल्या असतील तर लेथवर टर्निंग करून घेता येते, पण टर्निंग झाल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. नाहीतर केलेल्या मजुरीचे पैसेही गेले आणि डिस्कही गेली. भेग दिसली तर मोजत बसू नका, ती डिस्क भंगारातच. पातळ डिस्क लवकर तापते, वाकडी होते, आणि पॅड संपत आलेले असताना कॅलिपरचा पिस्टन जास्तच बाहेर येतो.

कॅलिपरची बॉडी : हा ओतीव लोखंडाचा ठोकळा. वरून कितीही गंजलेला दिसला तरी आतून चांगला असेल तर वर्षानुवर्षे टिकतो. इथे शेतकऱ्याचे पैसे विनाकारण जाताना मी पाहतो. नुसते तेल गळते आहे म्हणून पूर्ण कॅलिपर बदलायला सांगितले जाते. आधी तो उघडून पाहायला सांगा. बॉडीला भेग नसेल, बोल्टच्या चुड्या शाबूत असतील, सील बसतो ती खाच गंजून खाल्लेली नसेल, तर बॉडी ठेवा. किरकोळ डाग बारीक पॉलिश पेपरने निघतात.

सील आणि धूळ अडवणारे रबरी बूट : कॅलिपर उघडला की हे नवेच. इथे घासाघीस नको. का, ते समजून घ्या. ब्रेकवरचा पाय काढल्यावर पिस्टन मागे नेणारी कोणतीही स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. ते काम तो चौकोनी कापाचा रबरी सील करतो. पिस्टन पुढे गेला की सील थोडा पिळतो, दाब सुटला की सरळ होतो आणि पिस्टनला केसभर मागे ओढतो. सील जुना होऊन कडक झाला की त्याचा पीळ जातो. मग पॅड डिस्कला चिकटून राहतो, चाक तापते, ॲव्हरेज पडते आणि शेवटी तेल गळते. हा सील वरून पाहून चांगला आहे की नाही ते मेस्त्रीला सांगता येत नाही. ज्याचे माप घेता येत नाही तो भाग विश्वासावर ठेवायचा नाही. ठिबकची लॅटरल आपण धुऊन, ॲसिड देऊन पुन्हा वापरतो, पण गळणारा रबरी वायसर बदलतो. तसेच हे. सील किट काही शे रुपयांत येते, पूर्ण कॅलिपरला काही हजार लागतात. म्हणजे वेळेवर किट टाकणारा माणूस खर्च करत नाही, वाचवतो.

पिस्टन : निर्णयाची खरी मेख इथे आहे. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमध्ये सील बॉडीच्या खाचेत बसून राहतो आणि पिस्टन त्यातून सरकतो. म्हणजे तेल अडते ते पिस्टनच्या गुळगुळीत अंगावर. त्या अंगावर गंजाचे खड्डे पडले असतील किंवा वरचा मुलामा उडाला असेल, तर तो पिस्टन नव्या सीलला कानशीसारखा खातो. पिस्टन स्वच्छ पुसा, उजेडात फिरवा आणि नखाने चाचपा. नख अडकले की बदला. नुसता काळा डाग असेल, नख अडकत नसेल, तर ठेवा. पॉलिश पेपरने घासून खड्डा जात नाही, उलट मुलामा जातो.

मास्टर सिलिंडर आणि मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर यांचे मात्र उलटे आहे. तिथे रबरी कप नळीच्या आतल्या भिंतीवर सरकतो. म्हणून त्या भिंतीवर खड्डे पडले तर नुसता रबर बदलून भागत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो. "तिकडे किट टाकलं होतं, चाललं, मग इकडेही टाकू," असे म्हणणाऱ्याला हा फरक सांगा.

सरकणाऱ्या पिना : पिकअप आणि जीपसारख्या गाड्यांत कॅलिपर दोन पिनांवर डावीउजवीकडे सरकतो. पिना जाम झाल्या की आतला पॅड झिजतो आणि बाहेरचा तसाच राहतो. पॅड काढल्यावर आतला-बाहेरचा शेजारी ठेवून पाहा. फार फरक दिसला तर नवे पॅड टाकण्याआधी पिना पाहा. नुसत्या गंजल्या असतील तर साफ करून ठेवता येतात. वाकल्या असतील, खाच पडली असेल, ढिल्या झाल्या असतील तर बदला. त्यांना लावायचे ग्रीस ब्रेकसाठीचेच घ्या. बेअरिंगचे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावले की रबर फुगतो आणि पिना पुन्हा जाम होतात. याच कारणाने कॅलिपरचे आतले भाग डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ देऊ नका. ब्रेक क्लीनर किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरायला सांगा.

रबरी होज आणि तांब्याचे वायसर : होज दुमडून पाहा. चिरा दिसल्या, कुठे फुगवटा आला, तर बदला. होज आतून सुजला तरी ब्रेक धरून ठेवतो, आणि दोष मात्र कॅलिपरच्या माथी जातो. होज जोडतो तिथले तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. काही रुपयांची वस्तू आहे, दर वेळी नवे टाका.

ब्रेक ऑइल हाही झिजणारा भाग आहे

डिस्क झिजते ती दिसते, ऑइल "झिजते" ते दिसत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट-३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळता कामा नये असे प्रमाण आहे. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात डिस्क तापली की उष्णता पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. ओलावा मुरलेले ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल वर येते आणि मेस्त्री सांगतो, "ब्रेक तर चांगलाय." त्याचेही खोटे नसते, त्याने थंड ब्रेक पाहिलेला असतो. माळशेज उतरताना किंवा कान्हूर पठारावरून भरल्या गाडीने खाली येताना पेडल मऊ लागले, तर जागेवर थांबा, गार होऊ द्या आणि परत आल्यावर पूर्ण ऑइल बदला.

गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचे ऑइल घ्या आणि साधारण दोन वर्षांनी बदला. सीटखाली वर्षभर उघडा पडलेला अर्धा डबा वापरू नका, त्याने हवा पिऊन घेतलेली असते. अडल्यावेळी साबणाचे पाणी किंवा इंजिन ऑइल टाकून गाडी घरी आणल्याचे किस्से पारावर मोठ्या कौतुकाने सांगितले जातात. खनिज तेल गेले की मास्टर सिलिंडरपासून शेवटच्या सीलपर्यंत सगळा रबर फुगून निकामी होतो. तो किस्सा फार महाग पडतो.

एक प्रकार तर तातडीने बंद झाला पाहिजे. एका चाकाचा कॅलिपर गळायला लागला की त्या चाकाची पाइपलाइन दाबून किंवा बोल्ट मारून बंद करायची आणि उरलेल्या तीन चाकांवर गाडी चालवायची. "दोन दिवसांचा प्रश्न आहे" म्हणून केलेली ही सोय हंगामभर तशीच राहते. पुढच्या एका चाकाला ब्रेक आणि दुसऱ्याला नाही, अशी गाडी जोरात ब्रेक मारला की फिरते. हा काटकसरीचा उपाय नव्हे, हा उपायच नव्हे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉली

ट्रॅक्टरच्या ब्रेकची रचना वेगळी असते. नव्या ट्रॅक्टरांत बहुधा तेलात बुडालेल्या प्लेट्स असतात. पण कसोटी तीच, लायनर आणि प्लेट मापाने, रबर आणि सील नवे. शिवाय डाव्या-उजव्या चाकाची दोन पेडले रस्त्यावर आल्यावर खिट्टीने जोडलीच पाहिजेत. शेतात वळण्यासाठी ती सुटी करतो आणि डांबरीवर येताना खिट्टी लावायचे विसरतो. एकाच पेडलवर पाय पडला की ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या कित्येक ट्रॉल्यांना तर स्वतःचा चालता ब्रेकच नसतो. मागचे सगळे ओझे ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर येते. अशा वेळी कमी माल, कमी वेग आणि उतारावर खालचा गिअर याला दुसरा पर्याय नाही.

"नवे म्हणजे चांगले" हेही खरे नाही

कोणी म्हणेल, एवढी मापे घेत बसण्यापेक्षा सगळे नवे टाकून मोकळे व्हावे. मला हे पटत नाही. एक तर दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला ते परवडत नाही. परवडत नाही म्हणून तो पूर्ण दुर्लक्ष करतो, आणि आवश्यक तेवढा दोन-चारशे रुपयांचा खर्चही राहून जातो. दुसरे म्हणजे बाजारात बनावट मालही नवाच असतो. खोट्या खोक्यातल्या नव्या पॅडपेक्षा मापात बसणारी जुनी अस्सल डिस्क कधीही बरी. बियाण्याची पक्की पावती आपण मागतो, टॅग जपून ठेवतो, तसे ब्रेकच्या भागाचेही पक्के बिल घ्या. भंगारातून आणलेला कॅलिपर वापरायचा असेल तर तो तसाच उचलून लावू नका. उघडून, पिस्टन पाहून, नवे किट टाकूनच बसवा. भंगारातले पॅड, सील आणि होज मात्र फुकट मिळाले तरी नकोत.

आपल्याच जिल्ह्यात, नगरच्या वाहननगरला, व्हीआरडीई म्हणून आपण जिला ओळखतो ती वाहन संशोधन संस्था आहे. नवे मॉडेल विक्रीला येण्याआधी अशा मान्यताप्राप्त संस्थांत त्याची चाचणी होते, त्यात ब्रेकही तपासला जातो. पण ती चाचणी नव्या गाडीची. दहा वर्षांनी, तीन मालक बदलल्यावर, त्याच गाडीच्या ब्रेकची रोजची परीक्षा घेणारा तुमच्या-माझ्याशिवाय कोणी नसतो. मालवाहू गाडीला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते हे खरे. पण ते त्या दिवसाचे असते. पॅड कागद बघून झिजायचे थांबत नाहीत.

निर्णय कोणाचा?

माझ्या मते खरा घोळ मापात नाही, माणसांत आहे. गाडी चालवतो ड्रायव्हर, पैसे देतो मालक, हात काळे करतो मेस्त्री, आणि रस्त्यावरून चालणारा माणूस या तिघांपैकी कोणीच नसतो. ड्रायव्हर सांगतो, "दादा, ब्रेक उतरलाय." मालक म्हणतो, "एवढी फेरी मार, पट्टी आली की करू." ड्रायव्हर गरीब असतो, दुसऱ्यांदा बोलत नाही. मेस्त्रीला गाडी संध्याकाळपर्यंत सोडायची असते. असा निर्णय कोणीच घेत नाही आणि गाडी मात्र रस्त्यावर असते.

मालकांनो, कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, धोका होईल अशी खराबी असलेले वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी चालवणारा जसा दोषी, तसा ते चालवू देणाराही दोषी. आणि खराबी "मला माहीत नव्हती" एवढे म्हणून सुटका नाही. साधी काळजी घेतली असती तर जी कळली असती, तीही त्यात येते. कायद्याचे सोडा, पण ही कसोटी आपल्या गावकीच्या न्यायालाही धरूनच आहे. बैल मारका आहे हे माहीत असून जो मोकळा सोडतो, त्याला गाव काय म्हणते?

म्हणून तीन गोष्टी घरातच ठरवा. पहिली, ड्रायव्हरने ब्रेकची तक्रार केली की माप घेईपर्यंत गाडी भरायची नाही, मग बाजार कितीही तेजीत असो. दुसरी, ब्रेकचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून किंवा फेरीतून कापायचा नाही. कापला की तक्रार येणे बंद होते. तिसरी, गाडीत एक वही ठेवायची. तारीख, किलोमीटर, चारही चाकांच्या पॅडची किंवा लायनरची जाडी, ऑइल बदलल्याचा महिना, एवढेच लिहायचे. दुधाच्या डेअरीचे कार्ड आपण रोज भरतो, ही वही तीन महिन्यांतून एकदा भरायची आहे. पुढच्या वेळी मेस्त्रीसमोर अंदाज नव्हे, आकडा असेल.

गावाने काय करावे?

सरपंच, ग्रामसेवक आणि सोसायटीच्या मंडळींना माझी विनंती आहे. जनावरांचे लसीकरण शिबिर आपण घेतो, माती परीक्षणाचे घेतो. तसे वर्षातून दोनदा गाड्यांचे ब्रेक तपासणी शिबिर घ्या. एक कांद्याच्या हंगामाआधी फेब्रुवारीत, दुसरे पावसाच्या तोंडावर मे महिन्यात. तालुक्याच्या आयटीआयमधल्या निदेशकांना आणि गावातल्या मेस्त्र्यांना बोलवा. शाळेच्या पोरांची ने-आण करणाऱ्या गाड्या आधी, मग दुधाचे टेम्पो, मग मालाच्या पिकअप. सोसायटीत एक व्हर्नियर विकत घेऊन ठेवा, गावाला तो कित्येक वर्षे पुरेल. टाकळी ढोकेश्वर, भाळवणी, निघोज, अळकुटी अशा मोठ्या गावांनी सुरुवात केली तर आजूबाजूची गावे मागे राहणार नाहीत.

गावातल्या मेस्त्र्यांनाही एक सांगणे आहे. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि का काढले ते दाखवा. जे ठेवले तेही का ठेवले ते सांगा. त्याने तुमचा धंदा कमी होणार नाही, विश्वास वाढेल. चाकातली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा. आणि काम संपल्यावर गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून पिस्टन पुढे आणा. नवे पॅड टाकल्यावर पहिला ब्रेक रिकामा जातो, तो रस्त्यावर जायला नको. पहिले शे-दोनशे किलोमीटर पॅड बसेपर्यंत सबुरीने चालवायला सांगा.

बांधवांनो, यातले काहीच अवघड नाही. मोजता येणारे लोखंड मापात असेल तोवर जरूर वापरा, त्यात कमीपणा नाही. रबर आणि ऑइल मुदतीत बदला, त्यात उधळपट्टी नाही. भेग पडलेले, खड्डे पडलेले आणि मापाखाली गेलेले मात्र त्याच दिवशी काढा. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही. पाऊस तर नाहीच नाही. भरलेली गाडी वळणावर थांबेल की नाही, एवढी गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. येत्या बाजाराच्या दिवशी गाडी भरण्याआधी चाक खोला आणि मोजा.